काचेच्या पेटीतला समुद्र

वाचकहो, रत्नागिरीच्या माणसाला समुद्राची ओळख करून देणे म्हणजे काशीच्या माणसाला गंगा दाखवण्यासारखेच आहे. मांडवीला चार पावले टाकली की समुद्र समोर उभा, भाट्याच्या पुलावरून पाहावे तर तो नजरेत न मावणारा, आणि मिरकरवाड्याच्या बंदरात तर तो टोपल्या भरभरून बाहेर येत असतो. असे असूनही एक गंमत पाहा. ह्याच गावात कुणी हौसेने घरात माशांची टाकी ठेवली, तर तिच्यात बहुतेक वेळा दिसतो तो सोनमासा. तो गोड्या पाण्यातला, आणि मूळचा चीन देशचा! हजारो मैलांवरचा मासा दिवाणखान्यात सुखाने नांदतो, आणि हाकेच्या अंतरावरचा मासा आणून टाकीत सोडला तर दोन-चार दिवसांत पोट वर करून तरंगू लागतो. असे का व्हावे?

ह्या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता माणसाची जवळजवळ दोनशे वर्षे गेली. खाऱ्या पाण्याची पहिली टाकी मांडायला निघालेला प्रत्येक जण नकळत ह्या दोनशे वर्षांची उजळणी करीत असतो. इतिहास ठाऊक असेल तर ती उजळणी कागदावर होते. नसेल तर माशांच्या जिवावर होते. म्हणून आज टाकी कशी मांडावी हे सांगण्याआधी ती मांडायला माणूस कसा शिकला, ते थोडक्यात पाहू.

मासे जिवंत राखून ठेवण्याची विद्या तशी फार जुनी. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन सरदारांनी नेपल्सजवळच्या किनाऱ्यावर दगडी तळी बांधली होती आणि त्यांत ते समुद्रातले मासे पाळीत. लुकुलस नावाच्या धनिकाने तर आपल्या तळ्यात समुद्राचे पाणी यावे म्हणून टेकडी फोडून चर काढला होता. इतके दूर कशाला? आपल्या शेजारी गोव्यात खाजण जमिनीचे बांध आहेत. त्या बांधात ‘मानस’ म्हणतात ती झडप असते. भरतीचे पाणी आत येते, ओहोटीबरोबर बाहेर जाते, आणि त्याबरोबर मासळी व कोळंबीही हाती लागते. रोमन तळे काय किंवा गोव्याचे खाजण काय, दोन्ही ठिकाणी माणसाला पाण्याची काळजी करावी लागत नाही. दिवसातून दोनदा समुद्र स्वतः येतो, शिळे पाणी घेऊन जातो आणि ताजे ठेवून जातो.

खरी अडचण उभी राहिली ती समुद्राचा हात सोडून त्याचे पाणी चार भिंतींत कोंडायचे ठरले तेव्हा.

ही अडचण नीट कळण्यासाठी आधी माशाची तहान समजून घ्यायला हवी. तुम्ही म्हणाल, पाण्यात राहणाऱ्या माशाला कसली आली तहान? पण समुद्रातल्या माशाला ती असते बरे का! गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात भोवतालच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त, त्यामुळे पाणी आपोआप अंगात शिरते. त्याला पाणी पिण्याची गरज पडत नाही. उलट शिरलेले जादा पाणी बाहेर टाकावे लागते. समुद्रातल्या आपल्या नेहमीच्या माशांचे नेमके उलट. बाहेर क्षार जास्त, म्हणून अंगातले पाणी सारखे बाहेर ओढले जाते. ही तूट भरून काढण्यासाठी तो मासा समुद्राचे पाणी पीत राहतो आणि त्यातले जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. हे काम त्याच्या मागे रात्रंदिवस लागलेले असते. बाहेरच्या पाण्याचा खारटपणा एकाएकी बदलला, तर आतला सगळा जमाखर्च कोलमडतो.

खुल्या समुद्रात असा बदल सहसा होत नाही. समुद्राच्या १ किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. हे क्षार म्हणजे नुसते स्वयंपाकघरातले मीठ नव्हे. त्यात मॅग्नेशियम आहे, कॅल्शियम आहे, पोटॅशियम आहे, आणि आणखीही बरेच काही आहे. १८७२ ते १८७६ ह्या काळात ‘चॅलेंजर’ नावाचे ब्रिटिश जहाज जगातले महासागर धुंडाळून आले. त्याने आणलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांची तपासणी विल्यम डिटमार ह्या रसायनशास्त्रज्ञाने केली आणि १८८४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. पाणी कुठल्याही महासागरातले असो, एकंदर क्षार कमीजास्त असतील, पण त्या क्षारांचे एकमेकांशी असलेले प्रमाण जवळजवळ सारखेच राहते, असे त्याला आढळले.

आता कुणाच्या मनात येईल, बाजारातून मीठ आणले, पाण्यात विरघळवले, झाला समुद्र! पण तसे नाही. आपल्याकडच्या मिठागरात काय होते ते आठवा. शिरोड्याचे मिठागर १९३० च्या सत्याग्रहामुळे सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा ते रत्नागिरी जिल्ह्यातच होते. मिठागरात पाणी उन्हाने आटू लागले की आधी चुनखडीसारखे क्षार तळाशी बसतात, मग मीठ धरते, आणि मॅग्नेशियमचे कडू क्षार उरलेल्या पाण्यात राहतात. ते कडू पाणी काढून टाकले जाते. म्हणजे मीठ हा समुद्राचा एक हिस्सा झाला. त्यावरून सगळा समुद्र परत बांधता येत नाही.

ही झाली पाण्याची गोष्ट. आता ते कोंडून ठेवणाऱ्या माणसांची गोष्ट ऐका. त्यात पहिली नावे बायकांची आहेत. सिसिली बेटावर मेसिना शहरात झान व्हिलप्रो-पॉवर नावाची फ्रेंच बाई राहत असे. आर्गोनॉट नावाच्या आठ हातांच्या प्राण्याचा पातळ, कागदासारखा शंख तो स्वतः बनवतो की दुसऱ्याचा पळवतो, ह्यावर त्या काळी पंडितांचा वाद चालू होता. बाईंनी १८३२ साली काचेच्या पेट्या तयार करून त्यांत हे प्राणी ठेवले, त्यांच्यावर नजर ठेवली, आणि शंख तो स्वतःच बनवतो हे सिद्ध केले. मेलेले नमुने बाटलीत ठेवून न सुटलेला वाद जिवंत प्राणी काचेआड ठेवताच सुटला.

पण बाईंच्या दाराशी समुद्र होता. समुद्रापासून दूर, भर लंडनात, खारे पाणी जिवंत ठेवले ते ॲना थिन ह्या बाईने. १८४६ साली टॉर्कीच्या किनाऱ्यावरून तिने काही जिवंत प्रवाळ घरी नेले. बरणीत ते गडगडू नयेत म्हणून सुईदोऱ्याने स्पंजाला टाचून ठेवले! ताजे पाणी मिळेना, तेव्हा तिने एक युक्ती केली. उघड्या खिडकीसमोर उभे राहून पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात असे ओतत राहायचे. गरम दूध निववण्यासाठी आपल्या घरात आई करते ना, अगदी तसेच. हे काम रोज अर्धा-पाऊण तास चाले आणि ते घरातल्या मोलकरणीच्या वाट्याला आले होते. पुढे तिने त्यात समुद्रातले शेवाळही घातले. त्या ओतण्याने पाण्यात हवा मिसळत असे. आज टाकीत हवेचा पंप बुडबुडे काढतो, तो त्या मोलकरणीचेच काम करीत असतो.

तिसरा धडा दिला रॉबर्ट वॉरिंग्टन ह्या रसायनशास्त्रज्ञाने. वनस्पती उजेडात प्राणवायू सोडतात, हे अठराव्या शतकातच कळले होते. वॉरिंग्टनने एका भांड्यात दोन सोनमासे ठेवले आणि पाणवनस्पती लावली. काही दिवस ठीक चालले. मग पाने कुजून पाणी गढूळ झाले. तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाऊन टाकली आणि पाणी निवळले. मासा, वनस्पती आणि गोगलगाय अशी ही तिघांची भागीदारी त्याने १८५० साली लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडली. पुढे हाच प्रयोग त्याने खाऱ्या पाण्यावरही केला.

आणि मग आला फिलिप हेन्री गॉस. हा निसर्गाचा मोठा भक्त आणि मोठा लेखक. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातले पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, त्याच्या उभारणीत गॉसचा मोठा हात होता. १८५४ साली त्याचे ‘दि ॲक्वेरियम’ हे पुस्तक निघाले आणि हा शब्द रूढ झाला. मूळ लॅटिनमध्ये ह्या शब्दाचा अर्थ गुरांना पाणी पाजण्याची जागा असा होता, हेही गमतीचे! चार क्षार मिसळून समुद्राचे पाणी घरी तयार करण्याची कृतीही गॉसने दिली. काचेवरचा कर इंग्लंडात १८४५ सालीच उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. आगगाडीने किनाऱ्यावर जाणे सोपे झाले होते. पाहता पाहता घरोघरी खाऱ्या पाण्याच्या पेट्या आल्या. समुद्रफुले, खेकडे, कोळंब्या दिवाणखान्यात दिसू लागल्या.

इथे हा इतिहास थोडा दुःखाचा होतो. हौशी माणसांचे थवे बादल्या आणि हातोड्या घेऊन किनाऱ्यावर उतरले. खडकांतल्या डबक्यांत हात घालून मिळेल ते उचलू लागले. घरी नेलेले बहुतेक प्राणी मेले, म्हणून लोक पुन्हा किनाऱ्यावर गेले. गॉसचा मुलगा एडमंड ह्याने १९०७ साली आपल्या लहानपणाची हकीगत लिहिली. वडिलांबरोबर पाहिलेली ती फुलांच्या बागेसारखी डबकी नंतर उजाड झाली, आणि आपल्याच पुस्तकांनी ही लूट घडवली ह्याचे वडिलांना दुःख झाले, असे त्यात सांगितले आहे. ज्याने लोकांना समुद्रावर प्रेम करायला शिकवले, त्याच्याच शिकवणीने किनारा ओरबाडला गेला. रत्नागिरीत टाकी मांडणाऱ्याने इतिहासातले दुसरे काही विसरले तरी चालेल, हे विसरू नये.

प्राणी मरत का होते? हवा होती, शेवाळ होते, क्षारांचे प्रमाण ठीक होते, तरीही मरत. ह्याचे उत्तर निम्मे एका व्यवहारी माणसाने शोधले आणि निम्मे शास्त्रज्ञांनी. विल्यम ॲल्फर्ड लॉइड हा तो व्यवहारी माणूस. हॅम्बुर्गचे १८६४ सालचे आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचे १८७१ सालचे मत्स्यालय त्याच्या देखरेखीखाली उभे राहिले. दाखवायच्या टाक्यांत होते त्याच्या कितीतरी पट पाणी त्याने खाली एका अंधाऱ्या हौदात ठेवले आणि ते पंपाने सारखे फिरवत ठेवले. पाणी बदलावे लागले नाही; तेच पाणी वर्षानुवर्षे स्वच्छ राहिले. पण ते नेमके का राहिले, ह्याचा उलगडा शास्त्राने पुढे केला.

१८७७ साली फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युन्ट्झ ह्या दोघांनी गटाराचे पाणी वाळूच्या थरातून झिरपवले आणि त्यातल्या अमोनियाचे नायट्रेट होते ते सूक्ष्म जिवांमुळे, हे दाखवले. १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की ह्या रशियन शास्त्रज्ञाने ते जिवाणू वेगळे काढले. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. अमोनिया हे माशाला विष, आणि समुद्राचे पाणी अल्कधर्मी असल्यामुळे त्यात ते अधिकच जहाल होते. एका जातीचे जिवाणू ह्या अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, आणि ते मात्र माशाला बरेच सोसते. हे दोन्ही जिवाणू वाळूच्या कणावर, दगडाच्या छिद्रात, हौदाच्या भिंतीवर वस्ती करून राहतात. दिसत नाहीत, पण ते नसतील तर मासा जगत नाही. आणि त्यांची वस्ती एका दिवसात उभी राहत नाही. खाऱ्या पाण्यात तिला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात.

वाचकहो, सुरुवातीच्या प्रश्नाचे मोठे उत्तर इथे आहे. टाकी सकाळी भरली आणि मासा संध्याकाळी सोडला, तर त्या पाण्यात ही वस्तीच नसते. मासा आपल्याच अमोनियाने गुदमरतो. सोनमासा दणकट, म्हणून तो पुष्कळदा निभावून नेतो. समुद्राचा मासा स्थिर पाण्याला सोकावलेला, तो निभावून नेऊ शकत नाही.

आपल्या देशात मत्स्यालय म्हणून आधी नाव घ्यावे लागते ते मद्रासचे. तिथल्या संग्रहालयाचे अधीक्षक एडगर थर्स्टन ह्यांच्या पुढाकाराने मरीनाच्या किनाऱ्यावर १९०९ साली ते उघडले. आपल्या मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. उद्घाटनाला राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद आले होते. कोकणातली कितीतरी मुले मुंबईला गेली की राणीची बाग आणि हे मत्स्यालय पाहूनच परत येत. रोज ताटात दिसणारा मासा असा पोहतो, हे त्यांतल्या काहींनी तिथेच पहिल्यांदा पाहिले असेल!

आणि रत्नागिरी? १९५८ साली, म्हणजे महाराष्ट्र राज्य होण्याच्या दोन वर्षे आधी, द्विभाषिक मुंबई राज्याच्या काळात, इथे झाडगावला सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. पुढे ते दापोलीच्या कोकण कृषि विद्यापीठाकडे आले. त्या विद्यापीठाची स्थापना १९७२ सालची. ह्या केंद्राने मत्स्यालय आणि संग्रहालय उभे केले. इथे देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे. शिरगावला मत्स्य महाविद्यालय १९८१ साली निघाले. म्हणजे खाऱ्या पाण्यातला मासा कसा जगवावा हे शिकायला रत्नागिरीच्या माणसाला लंडनला जायची गरज उरली नाही.

घरगुती टाकीच्या बाबतीत एक मोलाची सूचना आली तीही आशियातूनच. जाकार्ताच्या ली चिन एंग ह्या गृहस्थाने १९६१ साली अमेरिकेतल्या एका मासिकात आपली रीत सांगितली. समुद्रातले जिवंत खडक, म्हणजे ज्यांच्या छिद्राछिद्रांत जिवाणू आणि बारीक जीव नांदत आहेत असे दगड, टाकीत ठेवायचे, हवेचे बुडबुडे सोडायचे, आणि बाकीचे काम निसर्गावर टाकायचे. लॉइडचा अंधारा हौद जे काम करी, तेच ह्या दगडांची छिद्रे करीत होती.

आता ह्या सगळ्या धड्यांवरून रत्नागिरीत पहिली टाकी मांडायची कशी, ते पाहू.

पहिली गोष्ट आकाराची. लहान टाकी सोपी, असे वाटते. ते खरे नाही. पाणी जितके थोडे, तितके ते लवकर तापते, लवकर आटते आणि लवकर बिघडते. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी टाकी नवख्याला बरी. तिच्यात सुमारे १९० लिटर पाणी मावते. दगड-वाळू घालून आणि वर थोडी जागा सोडून १६० लिटर धरा. काच, पाणी आणि दगड मिळून वजन दोनशे किलोंच्या वर जाईल. तेव्हा टाकी लाकडी माडीवर नको. तळमजल्याच्या जमिनीवर, भक्कम बैठकीवर, आणि थेट ऊन येणार नाही अशा जागी ठेवा.

दुसरी गोष्ट पाण्याची. दाराशी समुद्र आहे, घागर भरून आणली की झाले, असे म्हणू नका. जून ते सप्टेंबर नद्यांना पूर असतात आणि किनाऱ्यालगतचे पाणी गोडावते. भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी काजळी नदीचे पाणी येते. मिरकरवाड्याच्या बंदरात यांत्रिक नौकांचे तेल तरंगते. पाणी आणायचेच असेल तर पावसाळा सरून समुद्र निवळल्यावर, पूर्ण भरतीच्या वेळी, बंदर आणि खाडी ह्यांपासून दूर असलेल्या खडकाळ टोकाजवळून आणा. प्लास्टिकच्या स्वच्छ डब्यांतूनच आणा. तांब्या-पितळेची घागर अजिबात नको; तांबे कोळंबी, खेकडे, गोगलगाई ह्यांना मारते. आणलेले पाणी झाकून अंधारात दोन आठवडे ठेवा, गाळ खाली बसू द्या, मग वरचे निवळ पाणी घ्या. हा खटाटोप नको असेल तर बाजारात समुद्राचे तयार क्षार मिळतात. १६० लिटरला सुमारे साडेपाच किलो लागतील. पाणी कसेही केलेले असो, घनता मोजायचे उपकरण घरात हवेच. वाचन १.०२३ ते १.०२६ च्या दरम्यान असावे.

तिसरी गोष्ट वाळूची आणि दगडांची. आपल्या गावाला पांढरा समुद्र आहे आणि काळा समुद्रही आहे. काळ्या वाळूत इल्मेनाइट नावाचे लोह आणि टायटॅनियमचे खनिज असते. ती टाकीच्या कामाची नाही. जांभ्याचा दगड दिसतो छान, पण त्यात लोह भरपूर, तोही नको. हवी ती चुन्याच्या जातीची वाळू, कारण ती पाण्याचा अल्कधर्मीपणा राखायला मदत करते. घरात कालवे होतात ना? त्यांच्या शिंपा टाकून देऊ नका. स्वच्छ घासा, उकळा, उन्हात वाळवा आणि कुटून घ्या. असा चुरा गाळणीत उत्तम चालतो. दगडांसाठी मात्र समुद्रातले प्रवाळ उचलायचे नाहीत. ते का, हे पुढे सांगतो. चुनखडीचे किंवा भाजलेल्या मातीचे सच्छिद्र दगड विकत घ्या, आणि कुणाच्या जुन्या, चांगल्या चाललेल्या टाकीतल्या गाळणीतली मूठभर वाळू मागून आणा. विरजणासाठी शेजारून दही आणतो, तसेच हे. त्या मुठीत जिवाणूंची वस्ती तयारच असते.

चौथी गोष्ट वाट पाहण्याची, आणि हीच सर्वांत अवघड. पाणी फिरवणारा पंप आणि हवेचा पंप सुरू करा, दगड-वाळू मांडा, आणि मासा न आणता थांबा. कोळंबीचा एक लहान तुकडा पाण्यात टाका. तो कुजून अमोनिया तयार होईल आणि जिवाणूंना खाद्य मिळेल. अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट मोजायचे संच मिळतात. आधी अमोनिया चढेल आणि उतरेल, मग नायट्राइट चढेल आणि उतरेल. दोन्ही शून्यावर येऊन काही दिवस तिथेच राहिली, की टाकी तयार झाली. घरातली मुले रोज विचारतील, मासे कधी येणार? त्यांना आकडे लिहायला बसवा. वहीत रोजचा आकडा मांडला की हे महिना-दीड महिन्याचे दिवस रिकामे जात नाहीत.

आता मासे. पहिल्या खेपेला दोनच लहान मासे सोडा. ते महिनाभर नीट राहिले, तर पुढचा विचार करा. नवख्याने कोणता मासा घ्यावा? माझ्या मते दोन वाटा चांगल्या. एक, टाकीतच जन्मलेला क्लाउनफिश, म्हणजे नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला विदूषक मासा. केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या पैदाशीची रीत आपल्या देशात बसवली आहे. तो समुद्रातून ओरबाडून आणावा लागत नाही, आणि टाकीतल्या खाण्याची त्याला पहिल्यापासून सवय असते. दुसरी वाट आपल्या खडकांतल्या डबक्यांतल्या लहान माशांची. हे डबके दुपारी तापते, पावसात गोडावते, ओहोटीला समुद्रापासून तुटते. अशा जागी वाढलेला मासा पाण्याचे चढउतार खोल पाण्यातल्या माशापेक्षा अधिक सोसतो. तिथून एखादा मासा, तोही बोटाएवढा, आणि उलटवलेला दगड पुन्हा जसा होता तसा ठेवून. त्यापेक्षा जास्त नको. गॉसच्या काळातल्या बादल्यांची आठवण इथे ठेवा.

काही गोष्टी मुळीच आणायच्या नाहीत. समुद्रघोडे, समुद्रकाकड्या आणि खडक बांधणारे प्रवाळ ह्यांना २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या संरक्षित यादीत घातले गेले. ते पकडणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ सालचे. तिथून काहीच उचलायचे नाही. कोकणात कुठले आले प्रवाळ, असे कुणी म्हणेल. पण १९७९ सालीच सय्यद झहूर कासिम आणि वाफर ह्या शास्त्रज्ञांनी पश्चिम किनाऱ्यावर ठिकठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याचे नोंदवले, आणि त्या ठिकाणांत मालवण आणि रेडीबरोबर आपली रत्नागिरीही होती. थोडे आहेत, म्हणून तर ते अधिक जपायचे.

दुकानातला परदेशी मासा घेतानाही एक चौकशी जरूर करा: हा कुठून आला आणि कसा धरला? फिलिपाइन्समध्ये १९६० च्या दशकापासून प्रवाळांवर सायनाइड फवारून शोभेचे मासे गुंगवून धरण्याची वाईट रीत पडली. त्याने प्रवाळ मरतात आणि धरलेला मासाही पुष्कळदा फार दिवस जगत नाही. दुकानदाराला उत्तर देता आले नाही, तर पैसे खिशात ठेवून घरी परत या.

टाकी चालू झाल्यावर रोजची काळजी फार नाही, पण ती चुकवता येत नाही. पाणी आटते ते गोडे. क्षार मागे राहतात. म्हणून आटलेल्या पाण्याच्या जागी खारे पाणी घालू नका, गोडेच घाला. काचेवर एक रेघ मारून ठेवा आणि रोज त्या रेघेपर्यंत भरा. नळाचे पाणी असेल तर त्यातला क्लोरीन घालवून मगच वापरा. दर पंधरा दिवसांनी दहावा हिस्सा पाणी काढून तितकेच नवे खारे पाणी घाला, म्हणजे साचलेले नायट्रेट कमी होईल. खाणे दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच द्या. उरलेले अन्न म्हणजे उद्याचा अमोनिया. उष्णमान २४ ते २८ अंश असावे. एप्रिल-मे महिन्यांत टाकीवर लहान पंखा लावावा लागेल. विजेची सोयही आधी पाहा. २०२० च्या जूनमध्ये ‘निसर्ग’ वादळानंतर दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असू द्या. तोही बंद पडला, तर ॲना थिनच्या मोलकरणीची रीत आहेच: भांडे घ्या आणि पाणी उंचावरून ओतत राहा.

टाकी मांडण्याचा बेत पक्का करण्याआधी सवड काढून एकदा झाडगावच्या केंद्रात जाऊन या. तिथल्या माणसांना विचारा, पाणी कुठून आणता, पावसाळ्यात काय करता, पहिला मासा कोणता सोडू. मुलांना बरोबर न्या. आणि परत येताना ओहोटीची वेळ साधली, तर खडकांवर उतरून एखाद्या डबक्यापाशी दहा मिनिटे स्वस्थ बसा. काही उचलू नका, नुसते पाहा. शंखातला खेकडा चालू लागेल, समुद्रफूल उमलेल, दगडाच्या सावलीतून एखादा बारीक मासा बाहेर येईल. घरी काचेत जे उभे करायचे आहे, ते तिथे कुणाच्या पंपावाचून चालले आहे. ते एकदा नीट पाहून घेतले, म्हणजे ते सहा आठवडे थांबणे तुम्हाला जड जाणार नाही.